आठ कोळंब्यांची परीक्षा

"रक्त काढायला बोलावलंय की आटवायला?" सासूबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे धाकटीच्या कानापासून चार बोटांवर, आणि पलीकडच्या बाकावर खोकणाऱ्या माणसाने खोकणं थांबवून बघावं, इतक्या हळू.

लॅबमध्ये येऊन त्यांना पाऊण तास झाला होता. बाक अरुंद, पंखा वर नुसता विचार केल्यासारखा फिरत होता, आणि हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर काही केल्या पुकारला जात नव्हता. सासूबाईंना बरोबर यायला कोणी सांगितलं नव्हतं. उलट त्यांचा उजवा खांदा धरलेला, घरी शेक घेत पडा असंच सगळ्यांनी सांगितलं होतं. पण सून रक्त द्यायला चाललीय म्हटल्यावर त्यांना घरात चैन पडेना. काळजी होती, यात शंका नाही. काळजी नेमकी कशाची, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि धाकटीने विचारलं नाही. अकरा वर्षं त्या घरात हेच चाललं होतं. विचारायचं नाही, म्हणजे सांगावं लागत नाही.

धाकटी म्हणजे धाकटी सून. थोरली आपल्या नवऱ्याबरोबर दूरच्या शहरात गेली ती तिकडचीच झाली, तरी हिचं नाव धाकटीच राहिलं. चाळिशी आली, कानशिलाशी केस पिकले, पण हाक तीच.

घराची बंदराला लागून खाणावळ होती. सात टेबलं, एक खिडकी पाण्याकडे, आणि भिंतीवरच्या पाटीवर सहा पदार्थ. त्यातल्या चारांत कोळंबी. सासऱ्यांना अख्खं बंदर 'नाकवाले' म्हणायचं. टोपलीतली एक कोळंबी उचलायची, डोकं किंचित मागे वाकवून मानेखाली हुंगायचं, की ती जाळ्यातून कधी निघाली ते त्यांनी सांगावं. दोन कोळणी भांडायला लागल्या तर निवाड्याला त्यांना बोलवायचे. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, असं लोक थट्टेने म्हणायचे, पण टोपली मात्र त्यांच्याच पुढे आधी यायची.

आणि या खाणावळीच्या सुनेला कोळंबी बाधायची. म्हणजे तसं ठरलं होतं.

ते ठरलं ती सकाळ धाकटीला अजून पाठ होती. घरात येऊन दोन महिने झालेले. सासूबाईंनी पहिल्यांदाच रश्श्याचं मोठं पातेलं तिच्या हाती सोपवलं होतं. खाणावळीचा एक नियम होता, सासूबाईंच्याही सासूने घालून दिलेला: रांधणाऱ्याने आधी एक वाटी पोटात घालायची, मग गिऱ्हाइकाला वाढायचं. धाकटीने रस्सा केला, सकाळी लवकरच वाटीभर खाल्ला, आणि गिऱ्हाइकं यायच्या वेळेला मोरीत गेली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. ओकून ओकून डोळे सुजले, डोळ्यांभोवती आणि गालांवर लालभडक बारीक ठिपके उमटले. ते ठिपके बघून नवऱ्याची पाचावर धारण बसली. गल्लीच्या टोकावरच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाडी बघितली, मीठसाखरेचं पाणी सांगितलं आणि दाराशी चपला घालता घालता म्हणाले, अॅलर्जी असू शकेल.

'असू शकेल' यातलं 'असू' तेवढं घराने ठेवलं, 'शकेल' डॉक्टरांबरोबर परत गेलं.

त्या दिवसापासून धाकटीला चुलीपाशी बंदी. नुसती खायची नव्हे, वाफसुद्धा लागायला नको. तिला मागची खोली दिली. तिथे ती पाव भाजायची, बटाटे सोलायची, पिठाच्या कोठीत शिंकायची. पावाची तारीफ व्हायची. एखादं गिऱ्हाईक पाव रश्श्यात बुडवून मान हलवायचं तेव्हा ती दाराच्या फटीतून बघायची, आणि रश्श्यात काय कमी आहे हे तिला त्याच्या मानेच्या हलण्यावरून कळायचं. हात शिवशिवायचे. ते ती कणकेवर काढायची. म्हणून पाव इतका हलका व्हायचा.

आता सासूबाईंचा खांदा धरला. पळी उचलवेना. एक आचारी ठेवून पाहिला. त्याच्या हाताला चव नाही असं कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण लोक ताटात अर्धं ठेवून पाणी पिऊन उठू लागले. तो गेला. मग एक गृहस्थ येऊन खाणावळ बघून गेले. चालवायला घेतो म्हणाले, पाटी बदलू, तयार गोठवलेले पदार्थ तळून देऊ, तुमची कटकट संपली. महिनाअखेरीस उत्तर द्यायचं होतं. नाकवाले होही म्हणाले नाहीत आणि नाहीही. ते खिडकीशी बसून पाण्याकडे बघू लागले, आणि हे जास्त वाईट होतं.

त्या रविवारी जेवताना धाकटी म्हणाली, चूल मी घेते.

तुला बाधतं ना, नवरा म्हणाला. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. कुठलं यंत्र का बंद पडलं ते खोलून बघितल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. पण हे एक यंत्र त्यानेही अकरा वर्षं खोललं नव्हतं.

मग तपासून घेऊ, ती म्हणाली. रक्त तपासतात म्हणे.

त्यावर कोणाला नाही म्हणता येईना. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अॅलर्जीच्याच. त्यांच्याकडे तिघं गेली होती: धाकटी, सासूबाई, आणि न बोलावता आलेले नाकवाले. बाईंनी बारीक बारीक विचारलं. किती वेळात उलटी झाली? चार तासांनी. अंगावर गांधी उठल्या? खाज? ओठ सुजले? दम लागला? नाही, नाही, नाही, नाही. नुसते ठिपके, न खाजणारे. बाईंनी पेन थांबवलं. जोराने ओकताना चेहऱ्यावरच्या बारीक नसा फुटून असे ठिपके येतात, म्हणाल्या. मग अगदी सहज विचारलं, "त्या दिवशी तोच रस्सा बाकीच्यांनी खाल्ला होता का?"

खोलीत तिघं जणं तीन वस्तूंकडे बघू लागली. धाकटी कॅलेंडरकडे. नाकवाले वजनकाट्याकडे. सासूबाई आपल्या पिशवीच्या बंदाकडे. ज्या बाईला शेजारणीच्या लग्नात कोणी कुठल्या रंगाचं काय घातलं होतं ते तीस वर्षांनी सांगता येतं, ती म्हणाली, काही आठवत नाही बाई.

आठवत होतं. धाकटी मोरीत असतानाच सासूबाईंनी ते अख्खं पातेलं, भरलेलं, मागच्या नाल्यात ओतलं होतं. धाकटीच्या नवऱ्याने ओतायला हात दिला होता. खाणावळीवर 'आज बंद' लावलं होतं. सून एकटीच आजारी आणि पातेलं मात्र गिऱ्हाइकांच्या तोंडी लागायच्या आत नाल्यात. यातलं गणित लहान पोरालाही सुटलं असतं. त्या आठवड्यात नाकवाल्यांना एवढी सर्दी होती की ते डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारे घेत होते. आणि तरी बंदरावर गेले होते, कारण ते नाही गेले तर कोण जाणार.

धाकटीला आणखी एक गोष्ट आठवत होती, जी दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हती. सोलताना तिला वास आला होता. तिखट, मोरीत टाकायच्या औषधासारखा. तिने कोळंबी हातात धरून क्षणभर विचार केला होता: नाकवाल्यांनी आणलेल्या मालाला दोन महिन्यांच्या सुनेने नाक मुरडायचं? मग तिने लसूण जरा जास्त घातला. मूग गिळून बसायला ती त्या सकाळी शिकली, आणि पुढे त्यात चांगलीच तयार झाली.

"नंबर चौदा."

रक्त घेणारी मुलगी हसतमुख होती. दंडाला पट्टा आवळला, मूठ मिटा म्हणाली, शीर शोधायला टिचकी मारली. पाव भाजणाऱ्या हातांच्या शिरा काय, आपणहून वर येतात. सुई गेली, नळी भरली, कापूस दाबला. चिठ्ठी वाचत मुलगी म्हणाली, कोळंबी, खेकडा आणि धुळीतले किडे. सासूबाईंना खेकड्याचं काही वाटलं नाही, पण किडे ऐकून त्या उखडल्या. आमच्या घरी किडे नाहीत, त्यांनी मुलीला बजावलं. मुलगी म्हणाली, सगळ्यांच्याच घरी असतात आजी, दिसत नाहीत एवढंच. ते सासूबाईंना का कोण जाणे फार लागलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. कोळंबीपुढे आकडा होता, अर्ध्याच्या जरा वर, आणि शेजारी शब्द: पॉझिटिव्ह, सौम्य.

घराने सुस्कारा सोडला. दुःखाचाच होता, पण त्याला दुसऱ्या टोकाने सुटकेची शेपटी होती. बघ, नवरा म्हणाला, होतीच. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, जाऊ दे गं, पाव आहे ना तुझा. नाकवाले त्या गृहस्थांना फोन लावायला उठले.

धाकटी रिपोर्ट घेऊन मागच्या खोलीत गेली. कणीक तिंबायला घेतली, अर्ध्यात थांबली, हात धुतले आणि एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली.

बाईंनी रिपोर्ट बघितला आणि धुळीतल्या किड्यांपुढचा आकडा बोटाने दाखवला. तो केवढा तरी मोठा होता. "पिठाच्या कोठीत शिंकता ना? हे किडे आणि कोळंबी लांबचे भाऊबंद आहेत. तुमचं रक्त किड्यांवर चिडलेलं आहे, आणि कोळंबीचा तोंडवळा त्यांच्यासारखा म्हणून तिलाही हटकतंय. हा आकडा एवढंच सांगतो की रक्त तिला ओळखतं. ओळखणं म्हणजे भांडणं नव्हे."

मग भांडतं का नाही, हे कसं कळणार?

खाऊन, बाई म्हणाल्या. पण घरी नाही, आणि तुमच्या मनाने तर मुळीच नाही. इथे, माझ्यासमोर, इंजेक्शन तयार ठेवून. कणभरापासून सुरुवात, दर वीस मिनिटांनी थोडं जास्त, एकूण आठ कोळंब्या, आणि नंतर दोन तास बसून राहायचं. कोळंबी तुम्हीच आणा. नुसती उकडलेली. आणि ताजी असू द्या, एवढं बघा.

एवढं बघा. धाकटीला घरी जाईपर्यंत ते दोन शब्द पुरले.

तिने जेवायच्या टेबलावरच सांगितलं. कोळंबी बाबांनी आणायची. सासूबाईंच्या हातातला चमचा वाटीवर वाजला. नाकवाल्यांनी मान वर केली. बाजारातून कोणाकडूनही आणू की, नवरा घाईने म्हणाला. धाकटी म्हणाली, नाही, बाबाच आणतील. म्हातारा तिच्याकडे बघत उठला आणि फोनपाशी गेला. गृहस्थांना त्याने शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी नाकवाले बंदरावरून नेहमीपेक्षा तासभर उशिरा आले. कोळणी नंतर सांगत होत्या की त्यांनी अकरा टोपल्या नाकारल्या. एकीने तर विचारलं म्हणे, कोळंबी घेताय की जावई? हातात छोटा डबा, बर्फात मोजून वीस कोळंब्या. ते सरळ मागच्या खोलीच्या दाराशी आले. या दाराशी ते कधी येत नसत. डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढलं, आणि एक पाऊल मागे सरकले.

"तू घे वास," ते म्हणाले.

धाकटीने एक कोळंबी उचलली. कवच घट्ट आणि चकचकीत, डोकं अंगाला पक्कं धरून. तिने ते मागे वाकवलं, मानेखाली नाक नेलं. खारट, गार, स्वच्छ. ओहोटीनंतर धुतलेल्या दगडांचा वास. तिने उगाच दुसरीही हुंगली. तिसरीही. म्हातारा दारात उभा होता, शाळेत निकालाला उभ्या राहिलेल्या मुलासारखा.

चांगली आहे बाबा, ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि गेले. अकरा वर्षांनी तिने चुलीवर पाणी ठेवलं.

दवाखान्यात तिच्याबरोबर सासूबाई बसल्या. टेबलावर इंजेक्शन, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, समोर भिंतीवरचं घड्याळ. पहिला घास घास नव्हताच, नखाएवढा कण. वीस मिनिटं. मग पाव कोळंबी. वीस मिनिटं. मग अर्धी. तिच्या जिभेवर ती गोडसर चव अशी उतरली की तिने डोळे मिटले, आणि सासूबाईंनी घाबरून तिला हलवलं. काय होतंय? काही नाही आई, चव घेतेय.

एक अख्खी संपली तेव्हा तिच्या छातीत धडधडायला लागलं. कान गरम झाले. गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. तिने गिळून पाहिलं, पुन्हा गिळून पाहिलं. आता संपलं, तिच्या मनात आलं, शेवटी त्यांचंच खरं. तेवढ्यात सासूबाई ताडकन उठल्या. खांद्याची कळ विसरून त्यांनी धाकटीचा हात वर धरला. दंडावर लालभडक पट्टा उमटला होता.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. घसा बघितला, छाती ऐकली, ओठ बघितले, मग दंड. पट्टा नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "आजी, हा रक्तदाबाच्या पट्ट्याचा वळ आहे. मीच बांधला होता. आणि तुमच्या सुनेला धडधडतंय, कारण तुम्ही तिच्याकडे भूत बघितल्यासारखं बघताय."

सासूबाई खाली बसल्या. जीव भांड्यात पडला तसा आवाजही आला, निदान धाकटीला तसं वाटलं. मग त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदा दुखेपर्यंत. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. खा, त्या म्हणाल्या, खा गं बाई, खा.

दोन. वीस मिनिटं. मग उरलेल्या. शेवटची कोळंबी धाकटीने सावकाश खाल्ली, शेपटीजवळचा तुकडासुद्धा सोडला नाही. मग दोन तास दोघी शेजारी शेजारी बसल्या. तिसऱ्या तासाला डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली, शिक्का मारला आणि वाचून दाखवला: कोळंबीची अॅलर्जी नाही. नियमित खावी.

नियमित म्हणजे रोज का, सासूबाईंनी विचारलं. आमच्याकडे रोज असते.

दुसऱ्या दिवशी सातही टेबलं भरली. कशी भरली ते कळायला मार्ग नाही. नवऱ्याने सगळ्या बोटींवर जाऊन सांगितलं होतं, हे त्याने कबूल केलं नाही. पहाटे नाकवाल्यांनी टोपली आणली, आणि ती आधी धाकटीच्या नाकाखाली धरली. तिने रस्सा केला. अकरा वर्षं फटीतून जे जे कमी दिसलं होतं ते ते घातलं, आणि जे जास्त वाटलं होतं ते काढलं. लसूण बेताचा. मग नियमाप्रमाणे एक वाटी स्वतः खाल्ली, उभ्याने, सगळ्यांसमोर. वाटी संपेपर्यंत पळी, झारा, पाटी पुसणारा नवरा, सगळं थांबलं होतं.

मग वाढायला सुरुवात झाली, आणि थोड्या वेळाने खाणावळीत बोलणं बंद झालं. नुसते चमचे वाजत होते. खिडकीशी बसणाऱ्या म्हाताऱ्या नावाड्याने वाटी पावाने अशी पुसली की ती घासायची गरज उरली नाही. त्याने दुसरी वाटी मागितली. मग तिसरी. धाकटी कमरेवर हात ठेवून चुलीपाशी उभी होती, घामाने निथळत, आणि तिला आकाश ठेंगणं झालं होतं. त्या गृहस्थांचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी तो कोणाला न विचारता घेतला, खाणावळ द्यायची नाही म्हणाल्या, आणि आत्ता गर्दी आहे म्हणून ठेवून दिला.

एवढ्यात नावाड्याने हाक मारली. अहो, हिला इतकी वर्षं कुठे लपवून ठेवली होती?

सासूबाईंनी तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं, अकरा वर्षांचं घासलेलं. "तिला ना, कोळंबी बाधायची..."

"नाही." नाकवाले खिडकीपासून उठले होते. हातातली वाटी त्यांनी टेबलावर ठेवली. आवाज मोठा नव्हता, पण चमचे थांबले होते, त्यामुळे सातही टेबलांना ऐकू गेला. धाकटी चुलीपाशी नुसती मान हलवत होती, राहू द्या, राहू द्या म्हणून. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि राहू दिलं नाही.

"तिला कधीच काही बाधलं नव्हतं. त्या दिवशी मला सर्दी होती, वास येत नव्हता, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. कोळंबी शिळी होती. मी आणली होती."